अंग धरेस्तोवर

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ जून १९७८

प्रिय मेहमुदा,

तुझं पत्र यायची वाट बघत बसणं मला जमणार नाही, म्हणून मीच लिहायला घेतलं. परळच्या दवाखान्यात आपल्या खाटा शेजारी होत्या तेव्हा तू म्हणायचीस, "बाई, तुम्ही पडल्या पडल्यासुद्धा चालताय." घरी येऊन महिना उलटला तरी माझं तेच चाललंय. मन मैदानावर आणि पाय गादीवर.

पायांचंच सांगते. काल जपाला खाली बसले आणि मला उठता येईना. हात टेकले, भिंत धरली, तरी मांड्या हलेनात. शेवटी पद्मावतीवहिनीनं काखेत हात घालून मला उभी केली. शाळेत इतकी वर्षं मुलींना बैठका शिकवणारी खेळाची बाई मी, आणि माझी ही गत. गळ्यातल्या गाठी गेल्या, इंजेक्शनं संपली, सगळे म्हणतात सुटलीस. पण त्या बारीक पांढऱ्या गोळ्या खात होते ना, त्यांनी गाठींबरोबर माझ्या मांड्याही खाल्ल्या, असं इथले डॉक्टर म्हणतात.

त्यांनी रोज दोन अंडी खायला सांगितली. बाबासो, माझा भाऊ, ते ऐकून खुर्चीवरून उठलाच. आम्ही जैन, आमच्या घरात कधी अंडं आलेलं नाही. मग त्यांनी प्रोटीनच्या पावडरचा डबा लिहून दिला. दुधातून घ्यायची. वहिनी त्यात वेलदोडा घालते, तरी ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. मी नाक दाबून पिते. त्याशिवाय अंगावर मांस चढणार कसं?

शाळेत मला लायब्ररीत बसवलंय. खिडकीतून मैदान दिसतं. नव्या आलेल्या बाई 'सावधान' म्हणतात तेव्हा मुली केस सारखे करत असतात. मला बघवत नाही. मोठ्या बाईंना सांगून टाकलंय, पंधरा ऑगस्टची कवायत मीच घेणार.

तू काय खातेस? गर्भाच्या पिशवीला मशीनखाली लाईट दिल्यावर तुझं जेवण तुटलं होतं, ते आलं का पूर्वपदावर? निसारभाऊंची एस.टी. स्टँडवर लागली होती, त्यांच्याजवळ तुझ्यासाठी एक डबा दिलाय. पाजणारं कोणी नसलं तरी प्यायचा.

तुझी,
अंजना मगदूम


चंदगड
९ जुलै १९७८

अंजनाबाईंना मेहमुदाचा सलाम.

डबा पोचला. ह्यांनी तो शिटाखाली ठिवून आणला, वर कुणाच्या तरी कोंबड्या हुत्या. आमच्या सासूबाई सुलतानबींनी झाकण उघडून वास घेतला न् म्हणाल्या, "ह्येनं अंग धरणार व्हय? ह्ये तर भिंतीला लावायचं दिसतंय." पर तुम्ही दिलाय म्हणून मी पिते. सासूबाई वर नाचणीची आंबील देत्यात, जमंल तवा पायाचा रस्सा. दोन्ही एकावर एक पोटात गेलं की पोट फुगतंय नुसतं.

इथं पावसानं घरातलं मीठसुदीक पाणी झालंय. कपडं वाळत न्हाईत. दिसभर चुलीपुढं बसून ऱ्हाते. हंडा उचलू देत न्हाईत, कापूस पिंजल्यागत हात झाल्यात म्हणत्यात. तुम्ही तब्येतीचं इचारलं, ते बरं हाय.

बाई, एक सांगू? गल्लीतल्या बायका बघायला येत्यात. आधी गळ्यात पडायच्या, आता दाराजवळच बसत्यात. चहा दिला तर "आत्ताच घेतला" म्हणत्यात. धोंडुबाई तर माझ्या देखत म्हणाली, "बिचारी. काय दिवस ऱ्हायल्यात ते सुखात काढू दे." मला ते 'बिचारी' लय लागतंय. शिवी दिली तर बरं.

म्हणून मी ठरवलंय. पुढच्या म्हैन्यात रमजान लागतोय. गेल्या साली दवाखान्यात हुते, एक बी रोजा झाला न्हाय. औंदा समदे धरणार. रोजा धरला की मी बी सगळ्यांसारखी. मग बघू कोण बिचारी म्हणतंय.

तुमची,
मेहमुदा


शाहूपुरी
३ ऑगस्ट १९७८

मेहमुदा,

तुला वेड लागलंय का? पत्र वाचल्यापासून मी घरभर फिरतेय. वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, फरशी झिजंल." रोजे धरणार म्हणे! आजाऱ्याला त्यात सूट असते, हे तुम्हीच लोक सांगता ना?

नीट ऐक. मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलंय. आपल्यासारख्यांच्या अंगात आता चरबी नाही, साठा नाही. उपाशी राहिलं की शरीर पहिलं स्वतःचं मांस जाळतं. आधी मांडी, मग दंड. म्हणजे तू दिवसभर उपाशी राहिलीस की सुलतानबींनी दोन महिने पाजलेली आंबील वाहून गेली. आणि डबा नुसता पिऊनही भागत नाही. स्नायूंना काम सांगितलं नाही तर ते खाल्लेलं घेतच नाहीत. खाटेच्या काठावर बस आणि हात न टेकता ऊठ. परत बस. दमलीस की थांब. रिकामा तांब्या डोक्यावर उचल, मग अर्धा भरून उचल. मी हेच करते.

हे सगळं तुला ठसक्यात लिहिलं खरं, पण मी स्वतः कशात अडकलेय ते आता सांगते.

काल आक्कानं, माझ्या आईनं, कपाटातलं पांढरं पातळ काढून मला दिलं. म्हटलं, कशाला? तर म्हणाली, "दशलक्षणाला नेसायला. तुला दहा दिवसांचा उपास हाय." मी मुंबईला होते तेव्हा ती कुंभोजच्या बाहुबलीला डोंगर चढून गेली होती. तिथं बोलली, माझी पोर परत आली तर ती दशलक्षणाचे दहाही उपास करेल. दहा दिवस नुसतं पाणी, तेही उकळलेलं, दिवसातून एकदा.

"आक्का, मला न विचारता माझा नवस बोललीस?"

"तू शुद्धीत कुठं होतीस विचारायला?"

"आणि मी नाही केला तर?"

तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं फक्त. जिथं गाठी होत्या तिथं.

मला रात्रभर तिथं हात लावून लावून बघावंसं वाटत होतं. मी देवाधर्माला फार घाबरणारी नाही. पण मेहमुदा, ते परत आलं तर?

उत्तर लगेच दे. आणि रोजे धरू नकोस.

अंजना


शाहूपुरी
१७ ऑगस्ट १९७८

प्रिय मेहमुदा,

तुझं उत्तर नाही. निसारभाऊ स्टँडवर भेटले का म्हणून बाबासोला दोनदा पाठवलं, तर तिकडच्या गाड्या पावसानं बंद आहेत म्हणे. तू ठीक आहेस ना?

परवा पंधरा ऑगस्ट झाला. मी कवायत घेतली. म्हणजे सुरू केली. पांढरी साडी, गळ्यात शिट्टी, सगळ्या मुली ओळीत. माझा आवाज चांगला लागला गं. 'सावधान' म्हटल्यावर मैदान एकदम गप्प झालं, नव्या बाईसुद्धा ताठ झाल्या. मला वाटलं, परत आले मी. मग एका ओळीतल्या मुलीचा पाय चुकला म्हणून तो दाखवायला मी खाली वाकले, आणि गुडघे दुमडले ते दुमडलेच. मी मातीत बसले. उठता येईना. बँड वाजतोय, पाहुणे खुर्च्यांवर, आणि नववीतल्या दोघी मला धरून उभी करतायत. एकजण कानात म्हणाली, "बाई, रडू नका." मी रडत होते हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

मोठ्या बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत लायब्ररीतच बसा. मी घरी आले आणि पावडरीचे चमचे दुप्पट केले. सकाळी, दुपारी, सूर्यास्ताच्या आत आणखी एकदा. जेवण बंद, नुसता डबा. काल सगळं उलटून पडलं, आणि पोट अजून वाहतंय. वहिनीनं डबा लपवून ठेवलाय. मी तिच्यावर ओरडले, आणि मग तिच्याच खांद्यावर डोकं टेकून बसले.

दशलक्षण जवळ आलं. बाबासो हळूच म्हणाला, "ताई, नावाला उपास धर. स्वैपाकघरात दूध पीत जा. आक्काला कशाला कळतंय?" काय करू? शहाण्या बाईसारखं खोटं बोलू की आज्ञाधारक पोरीसारखं खरं मरू?

लिही गं. शिव्या दे हवं तर.

अंजना


चंदगड
२७ ऑगस्ट १९७८

अंजनाबाईंना सलाम.

शिव्या तुम्हीच मला द्या. तुमचं पत्र आलं तवर मी रोजे धरले हुते. पहिलं चार-पाच चांगलं गेलं. गल्लीतनं जाताना मान वर करून जात हुते. धोंडुबाई म्हणाली, "आगं, तू बी?" म्हटलं, "मी का न्हाय?" लय बरं वाटलं बघा.

मग एका दुपारी चुलीपुढनं उठले न् डोळ्यापुढं अंधारी. शुद्धीवर आले तर डोकं सासूबाईंच्या मांडीवर. त्या माझ्या तोंडात गुळाचं पाणी घालत हुत्या. मी तोंड मिटलं. म्हटलं, रोजा हाय. सासूबाई म्हणाल्या, "रोजा माझा बी हाय. पर हुकूम मला ठावं हाय, तुला न्हाय. आजाऱ्यानं खावं आन् त्याच्या बदली भुकेल्याला जेवू घालावं. तोंड उघड." त्यांनी नाक दाबून पाजलं.

मी म्हटलं, बरं, खाईन, पर दार लावून खाईन. बायका काय म्हणतील?

दुसऱ्या दिशी भर दुपारी सासूबाईंनी भायेर सोप्यावर पाट मांडला. ऐन गल्लीकडं तोंड करून. ताटात भाकरी, हुलग्याचं माडगं, वर तुमच्या पावडरीचं दूध. मला हाताला धरून बसवलं न् स्वता शेजारी बसल्या, तसबीचं मणी वढत. पाऊस जरा उघडला हुता, सगळी गल्ली भायेर. रमजानच्या महिन्यात, दिसाढवळ्या मी जेवतेय! धोंडुबाई थांबली. सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "बघ की. डोळं भरून बघ. माझी सून मरायची न्हाय, जेवायची हाय. तिच्या वाटचं सांजला मी दोघांना खायला घालते. तुला यायचं तर तू बी ये."

बाई, सासूबाईंनी उभ्या जन्मात एक रोजा सोडलेला न्हाय. गेल्या साली मी नव्हते तवा बी न्हाय. वठ सुकलेलं हुतं त्यांचं आन् मला भाकरी मोडून देत हुत्या. मला घास गिळवंना. पर गिळला.

आता रोज सोप्यावरच जेवते. बायका जवळ बसाय लागल्यात. का ते मला कळंना झालंय.

तुम्ही दूध चोरून पिऊ नका. चोरून खाल्लेलं अंगाला लागत न्हाय, असं मला वाटतंय. तुमच्या आक्कांना तोंडावर सांगा.

मेहमुदा


शाहूपुरी
६ सप्टेंबर १९७८

प्रिय मेहमुदा,

सुलतानबींना माझा नमस्कार सांग, पाया पडून.

तुझं पत्र मी आक्काला वाचून दाखवलं. सगळं. ती डाळ निवडत होती, हात थांबला नाही. संपल्यावर म्हणाली, "बाई खमकी हाय." बस्स. मग मी सांगितलं, "आक्का, मी उपास करणार नाही. लपून खाणार नाही आणि धरलाय असं दाखवणारही नाही. माझ्या अंगात दहा दिवसांचं मांस नाही."

मला वाटलं, रडेल, अबोला धरेल. तर ती म्हणाली, "तू नको करू. नवस मी बोलले, मी फेडते."

मी घाबरले गं. चौसष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले. म्हटलं, "आक्का, त्यापेक्षा मीच करते." तर ओरडली माझ्यावर, "गप बस! इतके महिने तुला खायला घातलंय ते काय घालवायला?" बाबासो, वहिनी, देवळातले पंडित, सगळ्यांनी समजावलं. पंडित तर म्हणाले, शक्ती असेल तितकंच करावं असं शास्त्रातच आहे. ती म्हणाली, "शक्ती हाय का न्हाय ते मी ठरवीन."

उद्यापासून सुरू. तिनं मला एकच अट घातलीय. मी रोज तिच्यासमोर बसून जेवायचं. पोटभर. ताट पुसून.

हे मला झेपणार नाही, मेहमुदा. उपास झेपला असता.

अंजना


चंदगड
१० सप्टेंबर १९७८

अंजनाबाई,

ईद झाली. शिरखुर्मा केला, तुमची आठवण काढली. आक्का कशा हाईत? मला त्येंचीच काळजी लागलीय. तुम्ही जेवा. त्या बघत्यात तवर जेवा.

माझं काय न्हाय. जरा थकवा हाय. उठबस तुम्ही सांगितलेली अजून चार दिसांनी करीन.

मेहमुदा


शाहूपुरी
१९ सप्टेंबर १९७८

प्रिय मेहमुदा,

संपलं. आक्का आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

पहिले तीन दिवस ती देवळात चालत गेली. मी घरी आले की ती भिंतीला टेकून बसलेली, समोर माझा पाट. वहिनी वाढायची आणि आत निघून जायची, तिला बघवायचं नाही. मी पहिल्या दिवशी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. आक्का म्हणाली, "अंजे, माझा आजचा दिवस वाया घालवू नको." मग खाल्लं. मटकीची उसळ, माडगं, दूधभाकरी, ताक. घास तोंडात फिरायचा. ती माझ्या जबड्याकडं बघत असायची. मधेच विचारायची, "मीठ बरोबर हाय का?"

सहाव्या दिवशी तिला उठवेना. डोळे खोल गेलेले, ओठ फाटलेले. मी म्हटलं, "आक्का, पुरे. अर्धा नवस झाला, देव काय गणित करत बसलाय?" ती हसली. म्हणाली, "भीती वाटती म्हणून करत न्हाय मी आता. तू जेवतीस ते बघायला बरं वाटतंय. मुंबईला तुला नळीनं पाजत होते म्हणे. मी आले नव्हते बघायला. मला धीर झाला नव्हता."

हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी समजत होते, गुडघ्यांमुळं आली नाही.

त्या दिवसापासून मी भुकेनं जेवले. लाज वाटते लिहायला, पण खरंच भूक लागली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. आई उपाशी आणि मला भूक. डबा चमच्याच्या मापानं घेतला, डॉक्टर म्हणाले तेवढाच. आणि जेवल्यावर तिच्यासमोरच खुर्चीवरून उठबस केली. ती पडल्या पडल्या मोजायची आणि चुकवायची, दोनदा केलं की एकदाच धरायची. म्हणायची, "पहिलं नीट नव्हतं."

पारण्याच्या सकाळी देवळातल्या बायका जमल्या. तिला पाण्याचा पहिला घोट मी दिला. पेला मीच तिच्या ओठांना लावला. तिला तो धरवत नव्हता.

आता तीही माझ्यासारखीच काठीची झालीय. वहिनी म्हणते, घरात दोन-दोन पेशंट झाले. आक्काला पावडरीचं दूध दिलं तर एक घोट घेऊन म्हणाली, "तू हे पीत होतीस? आणि मी तुला आळशी म्हणत होते?"

तुझं सांग. तुझ्या गेल्या पत्रात तुझ्या तब्येतीविषयी धड दोन ओळी नाहीत. 'जरा थकवा' म्हणजे काय? मी खेळाची बाई आहे, दांडी मारणाऱ्या मुलींची कारणं ऐकून म्हातारी झालेय.

अंजना


चंदगड
१ ऑक्टोबर १९७८

अंजनाबाई,

तुम्ही वळखलं. आता लपवत न्हाय.

मला जून महिन्यापासून परत रगत जातंय. आधी थोडं, आता जास्त. कुणाला सांगितलं न्हवतं. ह्यांना बी न्हाय, सासूबाईंना बी न्हाय. मला वाटलं, ते परत आलंय. म्हणून तर रोजे धरायचे हुते. पुढच्या रमजानला मी असंन का न्हाय म्हणून. बायकांना दाखवायचं हे खरं हुतं, पर सगळं खरं ते न्हवतं.

सोप्यावर जेवत हुते तवा सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, माझी सून मरायची न्हाय. मी खाली बघून जेवायची. त्यांना कसं सांगू?

परवा कपडं धुताना त्यांनीच बघितलं. लगीच ह्यांना डेपोत निरोप धाडला, रजा टाक म्हणून. आता मुंबईला जायाचं म्हणत्यात. मी न्हाय म्हणते. बाई, मला परत त्या मशीनखाली झोपायचं न्हाय. तुम्ही सांगा ह्यांना. तुमचं ते ऐकत्यात.

मेहमुदा


शाहूपुरी
४ ऑक्टोबर १९७८

मेहमुदा,

निसारभाऊंना मी सांगितलं, पण तू सांगायला लावलंस ते नाही. स्टँडवर गाठून सांगितलं की तिला रविवारी कोल्हापुरात घेऊन या, संध्याकाळच्या रेल्वेची तीन तिकिटं काढतेय. तिसरं माझं. माझीही तपासणी याच महिन्यात आहे आणि मीही ती पुढं ढकलत होते. गळ्याला हात लावून बघायचं रोजचं चाललंय, पण डॉक्टरांचा हात नको वाटत होता.

भीती वाटते ना? मलाही वाटते. दोघी मिळून घाबरू. तुझ्यावर रागवायचंय मला, पण ते गाडीत. आक्कानं वाटेसाठी दशम्या करायला घेतल्यात. बसून करतेय, उभं राहवत नाही तिला. तू आली नाहीस तर त्या घेऊन मी चंदगडला येईन.

अंजना


परळ, मुंबई
१७ ऑक्टोबर १९७८

ती. आक्कास,

पद्मावतीवहिनी हे तुला वाचून दाखवेल. वहिनी, हळू वाच, तिला मधे मधे बोलायचं असतं.

आधी मेहमुदाचं. तिला भूल देऊन आतून तुकडा काढून तपासला. चार दिवस निकालाची वाट बघितली. त्या चार दिवसांत मी या दवाखान्याच्या व्हरांड्यातून किती चालले असेन कुणास ठाऊक, सिस्टरनी शेवटी मला खुर्ची आणून दिली आणि म्हणाल्या, "बसा, नाहीतर ॲडमिट करू." आज दुपारी डॉक्टर आले. तो आजार नाही, आक्का. लाईटनं आतली कातडी जळलीय, तिथून रक्त जातंय. कधी कधी होतं म्हणाले. औषध आहे, वेळ लागेल, पण भरून येईल. रक्त फार कमी झालंय, ते भरायला हवं. जून महिन्यातच आली असती तर इतकी खंगली नसती, असं म्हणाले. निसारभाऊ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मेहमुदा मग म्हणाली, "बाई, भूक लागलीया." तिला आम्ही खालून डाळभात आणून दिला. तिनं सगळा खाल्ला आणि मग रडली.

माझं. गळा, काखा, सगळीकडं दाबून बघितलं, फोटो काढला. काही नाही. परत सहा महिन्यांनी. मांड्यांना वर्ष लागेल म्हणाले, कदाचित जास्त. पूर्वीइतकी ताकद येईल का विचारलं तर म्हणाले, "सांगता येत नाही. चालत राहा, उचलत राहा, जेवत राहा." ते ऐकून मला वाईट वाटलं. गोळाफेक आता बहुतेक होणार नाही. पण काल दवाखान्याच्या पायऱ्या कठडा न धरता चढले, आणि मेहमुदाची पिशवी माझ्या हातात होती.

तू दूध घेतेस ना? वहिनी, तिनं हो म्हटलं तरी पेला बघ.

सुलतानबींनी निसारभाऊंजवळ तुझ्यासाठी काजू दिलेत. म्हणाल्यात, एकदा भेटायचंय त्या बाईला. पावसाळा संपला की जाऊ दोघी, एस.टी.नं.

आणि आक्का, परत कधी नवस बोलायचा झाला तर माझ्याच नावानं बोल, माझी ना नाही. पण मला विचारून बोल. डोंगर चढायला सांग, अनवाणी चालायला सांग, मी सगळं करीन. उपाशी मात्र मी राहणार नाही, आणि तुलाही राहू देणार नाही.

तुझी,
अंजी